मुकादम पुन्हा बसला

४ मार्च, मंगळवार
...आणि हे थोरल्याने बोलावं! ज्याला घरच्या मिक्सरचं झाकण धड बसवता येत नाही, तो मला फोनवर सांगतो, तू तिकडे नुसतं फडकं मारतोस. मारतो. नाही कोण म्हणतंय? पण कशावर मारतो? सर्व्हरवर. त्यातला एकेक सर्व्हर विकला तर थोरल्यासकट आपलं घर विकत घेता येईल. (हे फोन ठेवल्यावर सुचलं. मला चांगलं उत्तर नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतं.)

शेवटी आईने त्याच्या हातातून फोन ओढला. म्हणाली, दोन रेडे आहात नुसते, धाकटीचं काय ते बोला. धाकटीला रक्त तपासायच्या कोर्सला नंबर लागलाय. फी महिनाअखेरच्या आत. मागून थोरल्याचा आवाज, अर्धी मी बघतो, ह्याच्या भरवशावर राहू नका. आता एवढं ऐकल्यावर माणूस गप्प बसेल का? म्हटलं, अर्धी नको आणि पाव नको. सगळी मी. पाच हजार, एकरकमी.

फार बरं वाटलं.

दर महिन्याला घरी पाठवायला माझ्याकडे पंधराशे उरतात. पण तो मुद्दा वेगळा.

५ मार्च
संकल्प: या महिन्यात ऑपरेटर व्हायचं.

आमचा ऑपरेटर लग्न करून सासऱ्याच्या दुकानात बसला, त्याची खुर्ची रिकामी आहे. रोज मीच पुसतो. ऑपरेटरला पगार दुप्पट आणि रुजू होताना दोन महिन्यांचा आगाऊ. म्हणजे फीचा प्रश्न मिटला. फक्त मला ऑपरेटर करायचं राहिलंय.

शिक्षण आड येईल म्हणतात. मी नववी सोडली हे खरं, पण शाळेत सर्व्हर कुठे शिकवतात?

६ मार्च
चष्मेवाल्या साहेबांना आडून विचारलं. ते इथले इंजिनिअर. माणूस चांगला, फक्त चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे शोधतात. म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे निम्मं काम झालं.

७ मार्च, शुक्रवार
कामाचा आढावा घेतला. फडकं सोडून मी करतो ते काम असं:

मोठ्या सर्व्हरच्या पोटात बावीस मशिनी आहेत. खऱ्या नाहीत, व्हर्च्युअल. म्हणजे एकाच हॉलमध्ये पडदे लावून बावीस बिऱ्हाडं. कोण जागं, कोण झोपलं, कुणाला उठवायचं, कुणाचा बोरियाबिस्तरा बाहेर काढायचा, हे बघायला एक टूल आहे. त्याचं इंग्रजी नाव तोंडात बसत नाही म्हणून मी त्याला मुकादम म्हणतो. साहेबांनी मला एक कमांड शिकवलीय. ती सकाळी, दुपारी टाइप करायची, एंटर मारायचा, की मुकादम बावीस जणांची हजेरी स्क्रीनवर मांडतो. सगळे हजर असले की साहेबांना 'ओके' मेसेज.

एवढी जबाबदारी हेल्परवर कुणी टाकतं का? म्हणजे मनातून त्यांनी मला ऑपरेटर केलेलंच आहे. कागद तेवढा यायचाय.

१० मार्च, सोमवार
किटली घेतली. विजेची. चैन नाही, हत्यार आहे. सर्व्हरच्या खोलीत मशिनींसाठी एवढा गारठा ठेवतात की बोटं आखडतात, आणि आखडलेल्या बोटांनी कमांड चुकते.

अडचण एकच, सगळे प्लग भरलेले. मग शेवटच्या कपाटात अगदी तळाला एक काळा डबा सापडला, शाळेच्या दप्तराएवढा. त्याची धूळ मी पुसतो म्हणून मला माहीत, बाकी कुणाला तो आहे हेही ठाऊक नसेल. काम ना धाम, हिरवा दिवा लावून बसलेला असतो. ऑफिसात असे चार-पाच जण आहेतच. त्याची पिन काढली, किटली लावली, चहा केला, प्यालो, पिन परत लावली. वस्तू जिथल्या तिथे. आईचं वळण.

११ मार्च
आज इतिहास घडला.

सकाळी किटली लावून कमांड टाइप केली. एंटर. काही नाही. कर्सर नुसता डोळे मिचकावतोय. पुन्हा एंटर. काही नाही. मुकादम बसला! साहेबांना फोन केला. ते म्हणाले, हात लावू नकोस, येतो. ते येईपर्यंत मी चहा घेतला, कप धुतला, आवरलं. मग राहवेना म्हणून सर्व्हरच्या डाव्या अंगावर हात ठेवला आणि म्हटलं, ऊठ बाबा. थोड्या वेळात यादी स्क्रीनवर! बावीसच्या बावीस.

साहेब धापा टाकत आले, तर सगळं चालू. विचारलं, काय केलंस? म्हटलं, हात ठेवला. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशा नजरेने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

१३ मार्च
काल दोनदा, आज एकदा. दर वेळी हात ठेवला आणि उठला. कधी लगेच नाही उठत. चहा पिऊन होईपर्यंत वेळ लागतो. पण उठतो.

गंमत म्हणजे बिऱ्हाडं मजेत आहेत, सगळ्यांची कामं चालू. फक्त मुकादम बेशुद्ध. घरी आजोबांचं असंच होतं, त्यांना वाटायचं घर त्यांच्यामुळे चालतंय.

दरवाजावर बसणारे काका रोज चहाला येतात. म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे, माझी पाठ जरा बघतोस का? बघितली. आराम पडला म्हणाले. दुसरा कप घेतला.

१४ मार्च, शुक्रवार
साहेब आज समोरच होते. मुकादम बसल्यावर त्यांनी हत्यार काढलं. 'किल' नावाची कमांड असते, तिला नऊचा आकडा जोडला की कुठलाही प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. मारलं. मेला नाही. पुन्हा मारलं. नाही. साहेब म्हणाले, हा कुणाची तरी वाट बघत अडकलाय, वाट बघणारा प्रोग्रॅम मरत नाही. मी म्हटलं, साहेब, माणसाचंही तसंच आहे. त्यांना आवडलं नाही.

मग नवा मुकादम उभा करायला गेले, तोही बसला. बारा वाजता साहेब डोकं धरून जेवायला गेले. मी किटली आवरली, पिन जागेवर लावली, हात ठेवला. उठला! फोन केला, साहेब, झालं चालू. म्हणाले, कसं? म्हटलं, मारलंत तुम्ही, मी प्रेमाने घेतलं.

फोनवर बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज.

१६ मार्च, रविवार
घरी फोन. आईला म्हटलं, पोस्ट जवळजवळ झाली. 'जवळजवळ' तिला ऐकू गेलं नाही, तिने शेजारी सांगूनही टाकलं. आता माघार नाही.

धाकटीला सगळं सविस्तर सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच म्हणे, भाऊ, तू चहा करतोस तेव्हाच कसं रे बंद पडतं? म्हटलं, बंद पडतं म्हणून मी चहा करतो, टेन्शन येतं माणसाला. ती म्हणाली, पण तू आत्ताच सांगितलंस, आधी किटली लावली आणि मग कमांड टाकली. आणि त्या डब्याची पिन...

मी विषय बदलला. आयुष्यात सर्व्हर पाहिला नाही आणि मला शिकवते. कोर्सला अजून बसली नाही तर ही मस्ती. पण आवाज आनंदी होता. नवे बूट घ्यावे लागतील म्हणाली, प्रयोगशाळेत चपला चालत नाहीत. म्हटलं, तेही मीच.

१७ मार्च
आजपासून शास्त्रशुद्ध तपास. संशयित:
उष्णता. (नसावी, आत माझे दात वाजतात.)
उंदीर. (दिसला नाही. पण उंदीर दिसला तर तो उंदीर कसला?)
हिशेब खात्यातली मुलगी. दरवेळी आत डोकावते तेव्हा मुकादम बसलेला असतो. चौकशी केली तर ती चहाच्या वासाने डोकावते म्हणाली. तिलाही एक कप दिला. संशय मागे घेतला.

१९ मार्च, बुधवार
तपासाला चहा फार लागतो. काका, हिशेबवाली, कधी साहेब स्वतः. छोटी किटली पुरेना. मोठी घेतली, पाणी दिवसभर गरम ठेवणारी. पिन सारखी काढायची-लावायची कटकटही संपली. आता सकाळी एकदा लावायची ती घरी जातानाच काढायची. याला म्हणतात नियोजन.

२० मार्च
मुकादम सकाळपासून बसलाय. हात ठेवला. दोन्ही हात ठेवले. संध्याकाळी घरी जाताना किटली काढली, डब्याची पिन जागेवर लावून सगळं आवरलं, तेव्हा कुठे निघता निघता उठला. आजार बळावलाय.

२१ मार्च, शुक्रवार
बाहेरचा तज्ज्ञ आला. टाय. मी त्याला काही सुचवायला गेलो तर म्हणाला, तुम्ही फक्त चहाचं बघा. बघितलं. दिवसभर त्याला कप देत होतो, दिवसभर मुकादम बसलेला. जाताना त्याने निदान केलं, सर्व्हर म्हातारा झालाय, नवा घ्या. आणि बिल ठेवलं. साहेबांनी बिल पाहून चष्मा काढला, पुसला आणि तसाच खिशात टाकला.

तो गेल्यावर किटली आवरून मी हात ठेवला. उठला! साहेब मागेच उभे होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणाले, मला हे पटत नाही. पण पाहिलं तर आहे.

२४ मार्च, सोमवार
मोठ्या बाई येणार! कंपनीत त्यांच्या वर फक्त छत. नवा सर्व्हर घ्यायचा की नाही हे ठरवायला गुरुवारी येतायत. साहेबांनी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं, की एक हेल्पर आहे, त्याच्या हाताने चालू होतं, का ते मला कळत नाही. बाई म्हणाल्या, मला दाखवा. दाखवून दिलं तर ऑपरेटरच्या कागदावर तिथेच सही. साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

नवा शर्ट घेतला. थोडा महाग. पण बाईंसमोर गंजीफ्रॉकवर उभा राहू का?

धाकटीला मेसेज केला, पैसे शुक्रवारी. तिने उत्तर पाठवलं, किटली न लावता एकदा करून बघ ना रे, माझी शपथ. लहान आहे. सोडून दिलं.

२६ मार्च
सराव. आरशासमोर. हात ठेवायचा, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं. डोळे फार वेळ मिटले तर झोपल्यासारखं दिसतं. काका म्हणाले, उजवा हात कमरेवर ठेव, रुबाब येतो.

२७ मार्च, गुरुवार
सविस्तर लिहितो, कारण या दिवसाबद्दल पुढे लोक विचारतील.

बाई आल्या. ठेंगण्या, पांढरे केस, आवाज शाळेतल्या हेडमास्तरणीचा. गारठ्यात आल्या आल्या हात चोळले. मी म्हटलं, बाई, चहा? म्हणाल्या, जरूर. मी मोठी किटली लावली. साहेबांनी कमांड टाकली. मुकादम बसला. अगदी वेळेवर! असा गुणी मुकादम शोधून सापडायचा नाही.

पुढे झालो. हात ठेवला. डोळे मिटले. थांबलो. डोळे उघडले. कर्सर मिचकावतोय. डाव्या अंगावर ठेवला, उजव्या अंगावर ठेवला. कमरेवर हात ठेवून रुबाब आणला. ऊठ बाबा म्हटलं. ऊठ राजा म्हटलं. हळूच एक चापटही मारली. मागून काकांची कुजबुज, अरे प्रेमाने, प्रेमाने.

बाई म्हणाल्या, चहा झाला का?

तेवढीच सुटका. पाणी उकळलं होतं. किटलीची पिन काढली, डब्याची लावली. लोक बघत असले म्हणून वळण सोडायचं का? चार कप ओतले, बाईंना दिला, साहेबांना दिला, काकांनी आपला आपण घेतला. तेवढ्यात हिशेबवाली दारातून ओरडली, आलं, आलं! स्क्रीनवर यादी. बावीसच्या बावीस हजर.

मी छाती काढली. म्हटलं, बघा बाई, थोडा वेळ लागतो, पण उठतो.

बाई घोट घेत म्हणाल्या, आत्ता तुम्ही काय केलंत? म्हटलं, हात ठेवला. त्या म्हणाल्या, तो मघाशी. आत्ता? म्हटलं, चहा ओतला. त्याच्या आधी? किटली काढली. आणि? डब्याची पिन लावली. कुठला डबा? म्हटलं, तो काय, तो बिनकामाचा.

साहेब गुडघ्यांवर बसले. कपाटाच्या तळाशी डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग आतूनच आवाज आला, पिन काढ. काढली. कमांड. बसला. लाव. लावली. जरा थांबलो. उठला. पुन्हा काढ. बसला. पुन्हा लाव. उठला. शेवटी शेवटी तर हिशेबवालीच मोठ्याने सांगत होती, बसला, उठला, बसला, उठला.

साहेबांनी समजावलं ते असं. त्या डब्यात जुन्या सेटअपच्या फायली आहेत. कुणीतरी कधीतरी मुकादमाला सांगून ठेवलेलं, की हे आपलं एक कोठार. साहेबांच्याही आधीची गोष्ट. म्हणून मुकादम यादी दाखवण्याआधी सगळ्या कोठारांना विचारतो, आहात ना? डबा बंद असला की उत्तर येत नाही, आणि हा आपला दाराशी वाट बघत उभा. मारलं तरी हलत नाही. मला तर त्याचं कौतुकच वाटलं.

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, चहा मात्र छान आहे.

सही झाली नाही. विसरल्या असतील. घाईत होत्या.

२८ मार्च, शुक्रवार
शांतपणे विचार केला. इंजिनिअर थकले, टायवाला थकला, आणि रोगाचं मूळ शेवटी कुणाच्या पिनेमुळे सापडलं? माझ्या. मी किटली लावली नसती तर त्या डब्याचा पत्ता कुणाला लागला असता? नव्या सर्व्हरचा खर्च कुणी वाचवला? हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, तू किटली लावली नसतीस तर मूळही नव्हतं आणि रोगही नव्हता. म्हटलं, हा एक दृष्टिकोन झाला.

धाकटीला फोन केला नाही. मेसेज आला, भाऊ, काय झालं? उत्तर दिलं, नेटवर्क नाही. नंतर लक्षात आलं, नेटवर्कवरूनच पाठवलं.

२९ मार्च
कागद आला! पाकीट छातीशी धरून जिन्यात फोडलं. बदली. सर्व्हरच्या खोलीतून तिसऱ्या मजल्यावर, चहाच्या खोलीत. पगार तोच. बाईंनी स्वतः सुचवलंय म्हणे. किटलीही माझ्याबरोबर वर पाठवायची, म्हणजे सर्व्हरच्या खोलीत ती पुन्हा दिसायला नको. या महिन्यापुरता टायवाल्याच्या बिलातला थोडा हिस्सा पगारातून. 'थोडा' हा साहेबांचा शब्द. त्यांनी भांडून थोडा करून घेतला असं काका म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावर गारठा नाही. प्लगही भरपूर आहेत. कुणाचीच पिन काढावी लागत नाही.

३१ मार्च, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला. उत्तर पाठ करून ठेवलं होतं, की बँकेचा सर्व्हर हँग आहे. आमचंच क्षेत्र, कोण शंका घेणार? फोन धाकटीने उचलला. मी 'बँकेचा' म्हटलं आणि ती म्हणाली, पिन निघाली होती ना?

म्हटलं, हो.

हसली. खूप वेळ. मग म्हणाली, फी तीन हप्त्यांत भरता येते, मी कोर्सच्या ऑफिसात विचारून ठेवलं होतं. म्हटलं, कधी विचारलंस? म्हणाली, चार तारखेला, तू सगळी देतो म्हणालास त्याच्या दुसऱ्या तासाला. पहिला हप्ता थोरल्याने भरला. काही बोलला नाही, पैसे टेबलावर ठेवून मिक्सरचं झाकण बसवत बसला. दुसरा हप्ता तुझा, बरं का भाऊ. आज काय जमेल ते बुटांना दे.

मागून थोरला काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, काय म्हणतोय तो? ती म्हणाली, विचारतोय, तिकडे चहा नीट पितोस ना.

याला काय उत्तर द्यायचं ते सुचलं नाही. फोन ठेवल्यावरही सुचलं नाही.

संकल्प: पुढच्या महिन्यात. बघू.

पगारातली कापाकापी झाली, शर्ट वजा, दोन किटल्या वजा. बुटांसाठी पाठवतोय: तीनशे चाळीस.